पापुद्रा कुठून सुटला, ते आधी पाहा

पत्राचा सारांश: सांगलीच्या पूरपट्ट्यात राहणाऱ्या ३४ वर्षांच्या एक ताई घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. सासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट २०१९ च्या पुरात भिजलं, २०२१ मध्ये त्याच्या पायांना पुन्हा पाणी लागलं. गेल्या पावसाळ्यात त्यांनी ते स्वतः घासलं, पाण्यात कालवलेल्या चॉकमिट्टीची लांबी (भेगा-खड्डे बुजवायचा लेप) भरली आणि ब्रशने मेलामाइन पॉलिशचे दोन हात मारले. आठवडाभर कपाट चकचकीत दिसलं. दिवाळीपर्यंत खालच्या फळ्यांचे पापुद्रे सुटले, मधला ड्रॉवर अडकायला लागला. दरम्यान शेजारच्या चार डुगडुगत्या खुर्च्या त्यांनी दुरुस्त करून दिल्या, त्याचे ७०० रुपये मिळाले, आणि फर्निचर दुरुस्ती व पॉलिश हाच धंदा करावा असं मनाने घेतलं. पुढे तीन वाटा दिसतात: पुण्यातला ४५ हजारांचा एक छोटा कोर्स; मिरजेतले एक वयस्कर मिस्त्री, जे म्हणतात, ‘सहा महिने या, शिकवतो, पण पैसे मागायचे नाहीत’; किंवा मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकणं. मशिनं घेण्यासाठी दीड लाखाची ठेव मोडायची तयारी आहे. पती म्हणतात, ‘बाईमाणसाला झेपायचं नाही, आणि आता दुरुस्त करून वापरतंय कोण?’ ताईंचा शेवटचा प्रश्न असा: ‘स्वतःचं कपाटच बिघडवलं, म्हणजे हे काम मला जमणार नाही का?’

ताई, शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. कपाट बिघडलं यावरून तुम्हाला जमेल की नाही हे ठरत नाही. कशामुळे बिघडलं हे तुम्ही पत्रात कुठे विचारलेलं नाही, तिथे मात्र थांबायला हवं. पॉलिशवाल्याचा अर्धा धंदा तोच प्रश्न विचारण्यात आहे.

सुटलेला एक पापुद्रा नखाने अलगद काढा, खिडकीशी न्या आणि उलटा करून बघा. खालच्या अंगाला पांढरी भुकटी चिकटली असेल तर लांबीने दगा दिला. पाण्यात कालवलेल्या चॉकमिट्टीला धरून ठेवणारं काही नसतं; वाळली की ती पुन्हा भुकटीच होते आणि वरचा थर त्या भुकटीवर उभा राहतो. शिवाय मेलामाइन घट्ट होतं ते हार्डनरमधल्या आम्लामुळे, आणि चॉक म्हणजे चुनखडीची जात. ती आम्ल मारते, म्हणून भरलेल्या जागी थर कच्चा राहू शकतो. पापुद्र्याची उलटी बाजू तपकिरी आणि तुळतुळीत असेल तर खाली जुनं पॉलिश किंवा मेण शिल्लक होतं, त्यावर नवं बसलंच नाही. उलटी बाजू स्वच्छ आणि उघडं पडलेलं लाकूड काळपट, थंडगार लागत असेल तर ओल अजून आत आहे. आणि वरचा थर निघाला पण खालचा चकचकीत तसाच राहिला, तर पहिल्या हातानंतर ३२० नंबरचा घासायचा पेपर मारायचा राहिला.

तुमच्या वर्णनावरून पहिली आणि तिसरी, अशी दोन्ही कारणं असावीत. पापुद्रे खालच्या फळ्यांचेच सुटलेत, हे ओलीचं लक्षण. लाकडाच्या नळ्या उभ्या धावतात आणि कपाटाच्या पायांचा तळ म्हणजे त्या नळ्यांची उघडी तोंडं. फरशीवरची ओल तिथून वर चढते. समोरून मेलामाइनने वाट बंद केली की ती थराच्या मागे साठते आणि थर उचलते. वरून कितीही पॉलिश मारलं तरी ते तिथे टिकणार नाही.

म्हणून कपाट आधी विटांवर चढवा, पाठीची फळी आणि ड्रॉवर काढा, वारं खेळेल अशा सावलीत ठेवा. उन्हात नाही. उन्हात एक अंग आधी वाळतं, फळी वाकते आणि टोकाकडून तडकते. वाळलं की नाही हे बघायला पिनांचा ओलावा-मीटर मिळतो. १२ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय कुठलंही थर धरणारं पॉलिश लावू नये. मीटर नसेल तर सुटा होणारा एखादा कप्पा दर रविवारी वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लाकडातली ओल बाहेरच्या हवेशी जुळली. सांगलीत हे पावसाळ्यात होत नाही. फेब्रुवारी ते मे हे आपल्याकडचे दिवस. वाळल्यावर पाय आणि तळ यांना मात्र पातळ चपडा (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) आतून-बाहेरून पाजा, सगळ्यात जास्त तळाच्या कापावर. लोक नेमकी तीच जागा सोडतात, कारण ती दिसत नाही.

अडकलेल्या ड्रॉवरला आत्ता रंधा मारू नका. कापडाला उभा-आडवा असतो तसा लाकडालाही असतो: लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत फुगतं आणि आकसतं. फूटभर रुंद सागाची फळी भर पावसाळ्यात मापली आणि एप्रिलमध्ये पुन्हा मापली, तर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज निघतो. पावसाळ्यात तासलेला ड्रॉवर उन्हाळ्यात खुळखुळतो. तोवर घासणाऱ्या कडांवर मेणबत्ती फिरवा. पुढे गिऱ्हाईक वाढलं की हे फार कामाला येईल. महाबळेश्वर किंवा पाटणकडचं फर्निचर आटपाडी-जतच्या कोरड्या हवेत आलं की सांधे उकलतात, आणि दोष शेवटी दुरुस्तीवाल्याच्या माथी येतो.

आता तुम्ही जे धरून चाललात त्याकडे वळू. तुम्ही ‘फर्निचर दुरुस्ती’ हा एकच धंदा समजता. त्यात निदान चार कामं आहेत: सांधे, पॉलिश, गादी-कुशन आणि सनमायका-बिजागऱ्या-चॅनेल. चारही येणारा मिस्त्री विरळा. यातल्या तिसऱ्या कामाचं अर्धं अंग तुम्हाला आजच येतं, आणि पत्रात तुम्ही ‘मला काहीच येत नाही’ असं लिहिता! सोफ्याचं कव्हर बेतणं, पायपिंग घालणं, चेन लावणं याला पॉलिशवाले शिंप्याकडे धावतात. तुम्हाला शिकायचं आहे ते एवढंच: बैठकीला ४० डेन्सिटीचा फोम, पाठीला ३२ चा चालतो, कव्हर फोमपेक्षा सगळीकडून साधारण पाव इंच कमी बेतायचं म्हणजे ताण बसतो, रेक्झिनला १६ किंवा १८ नंबरची सुई आणि टाका लांब, साडेतीन-चार मिलिमीटरचा. ब्लाउजचा बारीक टाका रेक्झिनवर घातला तर भोकांची रांग पडते आणि बसता बसता तिथेच फाटतं. धागा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा. बैठकीचे खालचे इलॅस्टिक पट्टे सैल पडले असतील तर नुसता फोम बदलून उपयोग नाही, महिन्यात पुन्हा खड्डा पडतो. पट्टे ताणून मारायला स्टेपल गन लागते, ८ ते १० मिलिमीटरची पिन. घरगुती मशीन दुहेरी रेक्झिन आणि पायपिंग एकदम ओढत नाही. तेवढे सांधे सुरुवातीला एखाद्या सीट-कव्हरवाल्याकडून शिवून घ्या.

यातून पहिल्या महिन्यापासून चार पैसे येतील आणि त्या जोरावर लाकडाचं काम सावकाश शिकता येईल. शिवणकाम बंद करून यात उतरायचा विचार असेल तर तो सोडा. पॉलिशमध्ये निम्मा वेळ वाळण्याची वाट बघण्यात जातो. त्या वेळात फॉल-पिको उत्तम होतं.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. तुमचे पती विचारतात तो प्रश्न चुकीचा नाही, पण त्यांच्या डोळ्यांसमोर जुनी नक्षीदार खुर्ची आहे. तशी कामं सांगलीत थोडीच. रोज येणारी कामं साधी असतात: डुगडुगणाऱ्या जेवणाच्या खुर्च्या, तळाशी कुजलेलं न्हाणीघराचं दार, किरकिरणारा पलंग, कड सुटलेला सनमायका, गणपतीच्या आधी उजळून हवा असलेला देव्हारा. आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. त्या पाण्यातून निघालेलं भरीव सागवान आजही कित्येक घरांच्या माळ्यावर पडून आहे. टाकवत नाही, वापरवत नाही, आणि दुरुस्त कोण करतं हे ठाऊक नाही.

झेपण्याचं म्हणाल, तर सागवानी कपाट एकटा पुरुषही उचलत नाही. आधी पाट्या-ड्रॉवर काढतात, मग दोघं मिळून सरकवतात. पॉलिशला ताकद लागत नाही. दम लागतो.

आता तीन वाटा. पुण्याच्या कोर्सला पैसे भरण्याआधी फोन करून इतकंच विचारा: एका टेबलावर किती जण? धार लावायला स्वतंत्र वेळ आहे का? तुटलेली वस्तू दुरुस्त करायला देता की नवा स्टूल बनवून घेता? पॉलिश हाताने शिकवता की फवारणीच्या गनने? छोट्या कोर्समध्ये बहुधा नवी वस्तू बनवायला शिकवतात, हौसेला ते छान. पण तुम्हाला जुना सांधा उकलायचा आहे. तीनचार उत्तरं गोलमोल आली तर ४५ हजार जपून ठेवा. सरकारी आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा ट्रेड असतो, आठवी पास चालतं, फी फार कमी. घर सांभाळून रोज जाणं जमत असेल तर पाया पक्का होईल, मात्र पॉलिश तिथे जेमतेम.

व्हिडिओ बघावेत, पण हाताचा दाब व्हिडिओत दिसत नाही. परदेशी व्हिडिओतली लाकडं ओक-मेपल, हवा कोरडी. आपला साग तेलकट. तो चिकटवण्याआधी सांध्याला थिनरचा फडका मारावा लागतो हे त्या व्हिडिओत कोणी सांगत नाही.

माझं मत मिरजेच्या मिस्त्रींकडे झुकतं, पण त्यांच्या अटीवर नाही. सहा महिने फुकट, रोज, म्हणजे झाडणं, चहा आणणं आणि पेपर घासणं. घासणं शिकावं लागतंच, पण सहा महिने नव्हे. त्यांना असं विचारून बघा: ‘आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते सहा, दोन महिने येते. मजुरी नको. पण पहिल्या महिन्यात धार आणि सांधे, दुसऱ्यात चपड्याचं पॉलिश, एवढं माझ्या हातून करून घ्या.’ ते नाही म्हणाले तर उलट त्यांनाच महिन्याला फी द्यायची तयारी दाखवा. पैसे देणाऱ्या शिकाऊला प्रश्न विचारायचा हक्क राहतो. मिरजेत आहातच तर सतारमेकर गल्लीतही एक चक्कर मारा. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते नादासाठी गाजलं, पण तुम्ही तिथे पॉलिश करणाऱ्याचं मनगट बघा. गोल अंगावर हात कुठेही थांबत नाही.

मशिनांसाठी ठेव मोडू नका. पहिल्या वर्षाला लागतं ते हे: ६, १२ आणि २५ मिलिमीटरची पटाशी, एक लोखंडी रंधा, बारीक दाताची करवत, काटकोन बघायचा गुण्या, लाकडी मोगरी, रबरी हातोडा, चार लांब क्लॅम्प, पोलादी खरवडणी, दोन बाजूंचा धारेचा दगड. दहा हजारांच्या आत बसावं. पुढे एकच मशीन घ्या, गोल फिरणारा सँडर. कॉम्प्रेसर आणि गन दोन वर्षांनी बघू. पटाशीची पाठ आधी दगडावर सपाट करायची, मग २५ अंशांची उतरण, टोकाला किंचित ३०. वर्तमानपत्राची कड न फाटता कापली गेली की धार आली. बोथट पटाशी जास्त जोर मागते, आणि जोर लावला की सटकून हातात घुसते.

शेजारच्या खुर्च्या तुम्ही कशा चिकटवल्या ते लिहिलेलं नाही. फटीत फेव्हिकॉल ओतून खिळा मारला असेल तर त्या वर्षभरात परत येतील, तयारीत राहा. वाळलेल्या फेव्हिकॉलवर नवा फेव्हिकॉल धरत नाही. खिळा कुसूत (खाचेत बसणाऱ्या लाकडाच्या जिभेत) शिरला की कुसू चिरतं, आणि सागात लोखंड गंजून काळा डाग पसरतो. खुर्ची पूर्ण उकलायची. त्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांवर चिकटपट्टी लावून ‘पुढचा डावा वर’, ‘मागचा उजवा खाली’ असं लिहायचं. न लिहिता उकललेली खुर्ची जुळवताना पाय अदलाबदल होतात आणि मग ती कधीच नीट उभी राहत नाही. जुना सरस (हाडा-कातड्याचा डिंक) असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. फेव्हिकॉल असेल तर कोमट व्हिनेगर लावून थांबा, मग खरवडा. कुसू आणि खाच दोन्हीकडे कोरं लाकूड दिसलं पाहिजे. कुसू सैल असेल तर रंध्याचा पातळ सोलपा त्यावर चिकटवून जाडी भरून घ्या. फट फेव्हिकॉलने भरायची नसते. जाड थरात त्याला ताकद नाही. दोन्ही अंगांना पातळ लावून जुळवा. क्लॅम्प कमी पडले तर पायांभोवती सुती दोरी दुहेरी गुंडाळून मध्ये काठी घालून पिळा. मग दोन गोष्टी तपासा: बैठकीचे दोन्ही कर्ण सारखे आहेत का, आणि कडप्प्याच्या ओट्यावर ठेवली तर चारही पाय टेकतात का. बाहेर आलेला फेव्हिकॉल लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर त्या जागी पॉलिश चढत नाही आणि पांढरे ठिपके उरतात. क्लॅम्प सोडले तरी २४ तास कोणाला बसू देऊ नका.

पॉलिशकडे यातलं थोडं जमल्यावर या. पॉलिश दुरुस्त करताना पहिला प्रश्न ‘कोणतं लावू’ हा नाही, ‘आधी काय आहे’ हा. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी, कानकाडीने स्पिरिटचा थेंब ठेवा आणि मिनिटभर थांबा. चिकट झालं, कापसाला तपकिरी रंग आला, तर चपडा. काहीच झालं नाही तर शेजारी थिनरचा थेंब. मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), आणि तिथे खरवडण्याला पर्याय नाही. नखाने कोरल्यावर मेणकट वळी निघाली तर आधी टर्पेंटाइनने मेण काढा. ही चाचणी गिऱ्हाइकासमोर करा. भाव सांगण्याआधी करा. चपडा उतरवायला तासभर लागतो, मेलामाइन उतरवायला दिवस जातो.

चपड्यापासून शिका, कारण चुकलं तर स्पिरिटने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. मेलामाइन ही मुभा देत नाही. १०० ग्रॅम चपडा, अर्धा लिटर स्पिरिट, काचेची किंवा प्लास्टिकची बरणी. लोखंडी डबा नको, चपडा काळवंडतो. रात्रभर ठेवा, मधून हलवा, मलमलमधून गाळा, बरणीवर तारीख टाका. सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर काचेवर थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नख उमटलं तर ते आता कधीच कडक होणार नाही, ओतून द्या. लाकूड ८०, १२०, १८० अशा क्रमाने उभ्या रेषेत घासा. नंबर गाळलात तर ८० चे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात, तोवर दिसत नाहीत. १८० नंतर ओला फडका फिरवा, वाळू द्या, उठलेली कुसं २२० ने घासा. पहिला हात निम्मं स्पिरिट घालून पातळ, ब्रशने. नंतर कापसाची पुरचुंडी, वर धुऊन मऊ झालेली मलमल. पॉलिश आतल्या कापसात घालायचं, वरून बुडवायचं नाही. पिळल्यावर ओलसर लागावी, गळू नये. तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब. कडेवरून हात सरकत आत आला पाहिजे आणि सरकत बाहेर गेला पाहिजे. मध्ये थांबलात की खालचा थर मऊ होऊन उपटतो. पाच-सहा फेऱ्या, मग विश्रांती. दुसऱ्या दिवशी ४०० चा हलका पेपर, पुन्हा. दोन हातांत होणारं हे काम नाही.

पावसाळी हवेत चपड्यावर पांढरी झाक येते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटची पुरचुंडी हलकेच फिरवली की बहुतेकदा जाते. जेवणाच्या टेबलाला चपडा लावू नका, गरम पातेल्याचं वर्तुळ उमटतं. तिथे पीयू हवं, पण पीयू आणि मेलामाइन राहत्या खोलीत नको. पीयूच्या हार्डनरने दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क कामाचा नाही, कार्बनची डबी असलेला लागतो.

धोक्याची यादी लांब आहे, पण दोन गोष्टी दुरुस्तीवाल्यांकडून हमखास राहतात. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेट घेतात; पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा. दुसरं, जुन्या दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. त्यावर मर्यादा घालणारा नियम लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. असा रंग कोरडा घासू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. स्पिरिट आणि थिनर स्वयंपाकघराच्या बाजूला ठेवू नये हे वेगळं सांगायला नको.

‘नाही’ म्हणायलाही शिकावं लागेल. फुगलेला पार्टिकल बोर्ड परत बसत नाही. पाणी लागलेलं टीव्ही युनिट घेऊ नका. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर आधी घराचा बंदोबस्त, मग फर्निचर. पुरातल्या लाकडाच्या बाबतीत कागदावरच लिहा: ‘ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आल्यावर काम सुरू होईल.’ गिऱ्हाईक घाई करतं, आणि घाईत मारलेल्या पॉलिशचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

आता ते ७०० रुपये. समजा तुम्ही तासाला १२० धरता. चार खुर्च्या उकलायला दोन तास, खरवडायला चार, जुळवून क्लॅम्प लावायला दोन, पॉलिशची डागडुजी चार. बारा तासांचे १४४०. सामान ३५०, टेम्पो ४००. झाले २१९०. टेम्पो आणि खरवडण्याचे तास हिशेबात न धरणं, इथे नवखे मार खातात. शेजाऱ्यांना पुढच्या वेळी २१९० सांगितले आणि त्यांनी नाक मुरडलं, तर त्यांना नव्या सागवानी खुर्चीचा भाव विचारून यायला सांगा.

ठेवीऐवजी पैशाची सोय हवी असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारही येतात आणि शिंपीही. सप्टेंबर २०२३ पासून ही योजना सुरू आहे: पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५ हजार, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत, मग २ लाखांपर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळते. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर मिळत नाही. सुतार म्हणून नाव घालायचं तर ते काम तुम्ही खरोखर करत असल्या पाहिजेत. शिवणकाम तर करताच आहात, त्यामुळे कोणत्या कामाखाली अर्ज करायचा ते आधी ठरवा, दोन्हीकडे हात घालता येत नाही. अर्ज सीएससी म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होतो, पहिली पडताळणी गावात ग्रामपंचायत करते, शहरात महापालिका. तोवर केलेल्या कामांच्या पावत्या आणि आधीचे-नंतरचे फोटो तारखेसकट एका वहीत लावून ठेवा.